तीस मीटर कुठे गेले?

सर्व्हे कॅम्पच्या चौथ्या संध्याकाळी मुलं गणितं करायला बसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतला एखादा वर्ग मिळालेला असतो. बाकं भिंतीला लावलेली, खाली सतरंज्या, दिव्याभोवती किडे आणि प्रत्येक गटाच्या मध्ये उघडी पडलेली फील्डबुकं. मी पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलच्या मुलांना सव्वीस वर्षं सर्व्हेइंग शिकवलं, त्यामुळे अशा सव्वीस तरी संध्याकाळी माझ्या खात्यावर जमा आहेत. त्यातली एक मला नेहमी आठवते.

"मॅडम, आमचं क्लोज होत नाहीये."

"कितीनं?"

"तीस."

"सेंटिमीटर?"

गटातली पाचही मुलं फील्डबुकात काहीतरी शोधू लागली. मग त्यांच्यातला सगळ्यात धीट म्हणाला, "मीटर."

या मुलांनी गावाशेजारच्या एका टेकडीला वळसा घालून सात बाजूंचा ट्रॅव्हर्स केला होता. खुंटी ठोकली, तिथून निघाले, प्रत्येक बाजूची लांबी साखळीनं आणि कोन थिओडोलाइटनं मोजत टेकडीला फेरी मारली आणि पुन्हा त्याच खुंटीवर येऊन थांबले. पायाखाली तीच खुंटी होती. कागदावर मात्र ती तिच्या जागेपासून तीस मीटर लांब पडली होती. आता एक तर खुंटी चालत गेली, नाहीतर मुलं चुकली.

ते तीस मीटर कसे सापडले हे सांगण्याआधी मुलं सतरंजीवर बसून नेमकं काय करत होती ते सांगायला हवं. कारण आमच्या सगळ्या धंद्याचा जीव ती भरत होती त्या एका तक्त्यात आहे.

लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशीला मराठी पाठ्यपुस्तकात सदिश म्हणतात. इंग्रजीतला 'वेक्टर' मूळचा लॅटिन, त्याचा अर्थ वाहून नेणारा. म्हणून तर डॉक्टर मंडळी मलेरियाच्या डासालाही वेक्टरच म्हणतात. आपल्या शब्दात दिशा आहे, त्यांच्या शब्दात वाहणं आहे. मला दोन्ही एकदम हवे असतात, कारण विस्थापन हा सगळ्यात साधा सदिश तुम्हाला इथून उचलून तिथे नेऊन ठेवतो. वाटेत तुम्ही किती पाय झिजवले याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मारुतीच्या पारावरून निघून गावभर हिंडून पुन्हा पारावर येऊन बसलात, तर चाललात तीन किलोमीटर आणि विस्थापन शून्य.

आता अडचण अशी की दिशा असलेल्या वस्तू सरळ बेरजेला दाद देत नाहीत. एक उदाहरण मी दर वर्षी पहिल्या तासाला द्यायचे. पार आणि विहीर यांच्यामध्ये दगडाची जुनी खाण आहे, पावसानं तुडुंब भरलेली. साखळी सरळ टाकता येत नाही. मग वळसा घ्यायचा. पारापासून १२० मीटर, बेअरिंग ३०°. तिथून २०० मीटर, बेअरिंग ११०°. मग ९० मीटर, बेअरिंग २००°, की विहिरीचा काठ. बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत मोजलेला कोन. चाललो एकूण ४१० मीटर. पण पारावरून विहीर सरळ रेषेत किती लांब आणि कुठल्या दिशेला?

कागद मोठा असेल आणि पेन्सिल टोकदार असेल तर बाणापुढे बाण काढून हे सुटतं. पहिल्याच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी, दुसऱ्याच्या टोकाला तिसऱ्याची, आणि शेवटी पहिल्या शेपटीपासून शेवटच्या टोकापर्यंत एक रेघ. ही रेघ म्हणजे परिणामी विस्थापन. चित्र दिसायला झकास, पण कागदावरची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ एकास हजारच्या प्रमाणात जमिनीवर अर्धा मीटर जागा खाते. बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात त्या मुलखात अर्धा मीटर परवडत नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक बाजूचे दोन तुकडे करतो: ती उत्तरेकडे किती गेली आणि पूर्वेकडे किती गेली. हेच घटक. लांबीला बेअरिंगच्या कोसाइननं गुणलं की उत्तरेचा घटक, साइननं गुणलं की पूर्वेचा. दक्षिणेला आणि पश्चिमेला जाणं म्हणजे वजा. पहिली बाजू उत्तरेला १०३.९२ आणि पूर्वेला ६०.००. दुसरी उत्तरेला वजा ६८.४०, पूर्वेला १८७.९४. तिसरी दोन्हीकडे उणे: ८४.५७ आणि ३०.७८. आता दिशा संपल्या, उरले फक्त आकडे, आणि आकड्यांची बेरीज किराणा दुकानातल्या पोऱ्यालाही येते. उत्तरेचा रकाना उणे ४९.०५ वर मिटला, पूर्वेचा अधिक २१७.१६ वर. म्हणजे विहीर पारापासून ४९ मीटर दक्षिणेला आणि २१७ मीटर पूर्वेला. या दोन भुजांचा काटकोन त्रिकोण, त्याचा कर्ण २२२.६३ मीटर. बेअरिंग १०२° ४४'. खाणीच्या पाण्याला स्पर्शही न करता खाणीवरून जाणारी रेघ मोजून झाली.

सांगायला सोपं आहे. पण मुलं दोन ठरलेल्या ठिकाणी घसरतात.

पहिली घसरण गणिताच्या तासामुळे होते. तिथे कोन पूर्वेकडच्या अक्षापासून घड्याळाच्या उलट मोजतात, त्यामुळे 'एक्सला कॉस, वायला साइन' हे मुलांच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की झोपेतून उठवलं तरी म्हणतील. आमचा कोन उत्तरेपासून आणि उलट्या फेऱ्यानं. जुन्या सवयीनं तक्ता भरला की पूर्वेच्या रकान्यात उत्तर जातं आणि उत्तरेच्या रकान्यात पूर्व. गंमत म्हणजे कर्ण काढला की उत्तर २२२.६३ च येतं. लांबी अगदी बरोबर आली म्हणून मुलं खूष. विहीर मात्र आता बेअरिंग ३४७° वर, म्हणजे जवळपास सरळ उत्तरेला आणि वर थोडी पश्चिमेला. तिथे आमच्या गावात स्मशान आहे. मी गटाला तिथे पाठवायचे आणि म्हणायचे, "पाणी घेऊन या."

दुसरी घसरण कॅल्क्युलेटरची. पूर्वेला उत्तरेनं भागून त्याचा टॅन इन्व्हर्स काढला की यंत्र उणे ७७° १६' दाखवतं. मुलं उणे चिन्ह 'चुकून आलं असेल' म्हणून पुसतात आणि बेअरिंग ७७° १६' लिहितात. चिन्ह चुकून आलेलं नसतं. यंत्राला भागाकार दिसतो, पण अंश वजा होता की छेद हे त्याला कळत नाही. ते रकान्यांकडे पाहून माणसानं ठरवायचं: उत्तर उणे, पूर्व अधिक, म्हणजे आग्नेयेचा चरण, म्हणजे १८०° मधून वजा. हे न केल्यास विहीर खऱ्या जागेच्या ९८ मीटर उत्तरेला जाते. आज टोटल स्टेशन नावाचं मोजणीचं यंत्र हे सगळं पोटातल्या पोटात करतं आणि पडद्यावर नुसते दोन निर्देशांक दाखवतं. माझी यंत्राबद्दल तक्रार नाही. पण ज्यानं एकदा स्मशानात विहीर शोधली तो पडद्यावरच्या आकड्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

माझे वडील भूकरमापक होते. अण्णांनी सदिश हा शब्द उभ्या आयुष्यात उच्चारला नसेल. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर मोजणीला जायचे, बहुतेक वेळा जेवणाचा डबा सांभाळायला. त्यांच्याजवळ जुन्या टिपणांच्या नकला असायच्या. ब्रिटिशांनी १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या देखरेखीखाली जी रयतवारी मोजणी आणि जमाबंदी सुरू केली, तिच्या पोटातून पुढे आलेले हे कागद. शंकू-साखळीची मोजणी. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे १ गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज प्लॉटच्या जाहिरातीत गुंठा वाचणाऱ्यांना या साखळीचा पत्ता नसतो.

टिपण पाहिलंत तर त्यावर शेताच्या मधून एक लांब रेघ असते. या रेघेवर साखळी टाकत जायचं, आणि बांधाचा प्रत्येक कोपरा काटकोनात समोर आला की थांबून रेघेवरचं अंतर आणि कोपऱ्यापर्यंतचा लंब, डावा की उजवा, लिहून ठेवायचं. बस. बांध कितीही वेडावाकडा असो, प्रत्येक वळणाला दोनच आकडे: रेघेच्या बाजूनं किती, रेघेला आडवं किती. कॉलेजात दुसऱ्या वर्षी जेव्हा मला घटक शिकवले, तेव्हा अण्णांचा हात साखळीवर आणि नजर काटकोन धरायच्या अवजाराच्या फटीत असं चित्र डोळ्यांसमोर आलं. ते कोन मोजतच नसत. घटकच मोजत. साइन-कोसाइन लागू नये म्हणून कोणीतरी दीडशे वर्षांपूर्वी ही हुशारी करून ठेवली होती. दोन कोपऱ्यांमधलं अंतर हवं झालं की रेघेवरच्या आकड्यांची वजाबाकी, लंबांची वजाबाकी (एक डावा एक उजवा असेल तर बेरीज), आणि मग कर्ण. सदिशांची वजाबाकी ती हीच.

घटकांचे दोन रकाने एकमेकांपासून स्वतंत्र असतात, एकाची चूक दुसऱ्यात झिरपत नाही. हे मला पुस्तकातून नाही, नैनसिंग रावतांच्या गोष्टीतून खऱ्या अर्थानं पटलं. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातले हे शाळामास्तर. तिबेटात परक्यांना बंदी होती, म्हणून सर्व्हे खात्याच्या कॅप्टन मॉंटगोमरीनं त्यांना देहरादूनला शिकवून तयार केलं आणि १८६५ साली नेपाळमार्गे ल्हासाकडे धाडलं. वेष यात्रेकरूचा. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा, म्हणजे माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, सुमारे पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी टिपणांचे कागद. बेअरिंग होकायंत्रानं, लपूनछपून. सुमारे १२०० मैलांचा हा ट्रॅव्हर्स, चोवीस लाखांच्या आसपास पावलं, आणि हिशेब तोच: पावलांची लांबी गुणिले कोसाइन, पावलांची लांबी गुणिले साइन.

आता इतक्या पावलांत माणूस किती चुकेल? चढावर पाऊल आखूड पडतं, थंडीत आणखी आखूड. पण उत्तर-दक्षिण रकान्याला एक साक्षीदार होता. नैनसिंग सेक्स्टंटनं सूर्य-तारे टिपून अक्षांश काढत. ३१ ठिकाणचे अक्षांश त्यांनी आणले. दोन ठिकाणांच्या अक्षांशांतला फरक म्हणजे त्यांच्यामधला उत्तरेचा घटक, आकाशानं दिलेला. तो पावलांच्या घटकाशी ताडून बघता येतो. पूर्व-पश्चिम रकान्याला असा साक्षीदार नव्हता, कारण रेखांश काढायला अचूक वेळ लागते, आणि यात्रेकरूच्या झोळीत तसलं घड्याळ कुठून असणार? त्या रकान्याची मदार पावलांवर आणि होकायंत्रावर. एकाच वाटेचे दोन घटक, एकाला जामीन आणि दुसरा फक्त शब्दावर. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं १८७७ साली नैनसिंगांना सुवर्णपदक दिलं ते याच्या आणि पुढच्या प्रवासांसाठी. हा भाग शिकवताना मी मुलांना शाळेच्या मैदानावर शंभर पावलं मोजून चालायला लावायचे. दोनदा मोजून सारखं उत्तर येणारा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही.

बोगद्यात तर साक्षीदार कोणीच नसतो. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. लांब बोगदा दोन्ही तोंडांकडून खणत आणायचा तर आत शिरणाऱ्या माणसाला पलीकडचा माणूस दिसत नाही. त्याच्याजवळ फक्त डोंगराच्या बाहेरून मोजत आणलेलं परिणामी विस्थापन असतं, लांबी आणि बेअरिंग. आमच्या खाणीसारखंच, फक्त खाणीच्या जागी डोंगर.

असो. ती मुलं सतरंजीवर ताटकळली आहेत.

मी त्यांचा तक्ता मागितला. बंद ट्रॅव्हर्समध्ये उत्तरेच्या रकान्याची बेरीज शून्य यायला हवी आणि पूर्वेच्याही. ती कधीच नेमकी शून्य येत नाही. आली तर मी वही जास्त बारकाईनं तपासते, कारण बहुधा कोणीतरी आकडे 'बसवलेले' असतात. साखळी थोडी ताणते, उन्हात वाढते, माणूस खुणेवर केसभर अलीकडे-पलीकडे धरतो. म्हणून थोडी चूक उरते आणि ती सगळ्या बाजूंवर वाटून टाकायची रीत आहे. ही वाटणी आम्ही अजूनही नॅथानिएल बाउडिचच्या नियमानं करतो. हा अमेरिकेतल्या सेलम बंदरातला माणूस, दहाव्या वर्षी शाळा सुटली, गणित स्वतःच शिकला, आणि १८०२ साली दर्यावर्द्यांसाठी त्यानं जो ग्रंथ लिहिला तो जहाजांवर पिढ्यानपिढ्या वापरात राहिला. १८०८ मध्ये 'ॲनालिस्ट' नावाच्या गणिताच्या नियतकालिकात शेताच्या मोजणीतली चूक कशी सुधारावी असा बक्षिसाचा प्रश्न आला, त्याला बाउडिचनं दिलेलं उत्तर म्हणजे हा नियम: ज्या बाजूची लांबी एकूण फेरीच्या जितक्या हिश्श्याची, तिनं चुकीचा तितका हिस्सा उचलायचा, दोन्ही रकान्यांत वेगवेगळा. घरातल्या वर्गणीसारखं.

गटातल्या एकानं तो नियम लावायला घेतलाही होता. तीस मीटर सात बाजूंवर वाटून टाकले की तक्ता मिटतो, शून्य येतं, मार्क मिळतात. मी त्याचा हात धरला. वर्गणी काढायची ती केसभर चुकांची. कोणी तीस मीटर खाल्ले असतील तर सगळ्या घराला दंड कशाला?

त्यांच्या उत्तरेच्या रकान्याची बेरीज उणे १३.३८ होती, पूर्वेची उणे २७.२२. मी म्हटलं, हीसुद्धा एक बाजूच समजा, राहून गेलेली. तिची लांबी काढा आणि बेअरिंग काढा. लांबी आली ३०.३३. खुंटीपर्यंत पोचायला कुठे जावं लागेल ते बेअरिंग ६३° ४९'. मग म्हटलं, आता तुमच्या सात बाजूंची बेअरिंगं वाचा, मोठ्यानं. चौथी बाजू वाचताना आवाज थांबला. बेअरिंग ६४° १०'.

चुकीला दिशा असते. कोनात गोंधळ झाला असता तर एवढं नेमकं जुळलं नसतं. साखळी तीस मीटरची, चूक तीस मीटरच्या आसपास आणि ती चौथ्या बाजूला समांतर. चौथी बाजू एक साखळी कमी मोजली गेली होती. एखादी बाजू बरोबर उलट दिशेला जात असती आणि ती एक साखळी जास्त मोजली असती तरी हेच चित्र दिसलं असतं, पण २४४° च्या आसपास त्यांची कुठलीच बाजू नव्हती.

साखळी मोजणीत प्रत्येक पूर्ण साखळीला पुढचा माणूस जमिनीत एक लोखंडी ॲरो रोवतो, मागचा माणूस तिथे आला की तो उपटून घेतो. बाजू संपली की मागच्याच्या हातात जितके ॲरो, तितक्या साखळ्या. मी विचारलं, सकाळी किती नेले होते? दहा. आत्ता पेटीत किती? एकानं पेटी उपडी केली. नऊ.

सकाळी सहाला आम्ही चौथ्या बाजूवर गेलो. ज्वारी कापून झालेलं रान होतं, धसकटं पायाला टोचत होती. मागचा माणूस होता तो मुलगा आधीच पुढे पळत गेला. आदल्या दिवशी तिथे शेताच्या मालकिणीनं त्यांना हाक मारून ताक दिलं होतं, असं वाटेत कळलं. बांधापासून जरा आत, धसकटांत, ॲरो तसाच उभा होता. त्याच्या डोक्याच्या कडीला गटानं ओळखीसाठी बांधलेली लाल चिंधी दवानं भिजून काळी पडली होती. मुलांनी ती बाजू परत मोजली. तक्ता परत मांडला. उत्तरेला उणे ०.३१, पूर्वेला उणे ०.२२, म्हणजे १२७० मीटरच्या फेरीत ३८ सेंटिमीटर. साखळीच्या कामाला हे चांगलं आहे.

"आता वाटा," मी म्हटलं. चौथी बाजू आता २५४ मीटरची झाली होती, बरोबर एक पंचमांश. तिच्या वाट्याला उत्तरेचे ६.२ सेंटिमीटर आले आणि पूर्वेचे ४.४.